दोरीवरचे विमान आणि त्याचा पासंग

(मंडळाच्या बालविभागातर्फे योजलेल्या व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, वृद्धापकाळातील आहार असे भारदस्त विषय होऊन गेल्यावर आज 'सवलतीत मिळालेले दोरीवरचे विमान' हा विषय फलकावर वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. त्यातून वक्ता कलाशाखेचा पदवीधर. केंद्र सरकारच्या नस्त्यांवर शेरे लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्याने बोकारोसारख्या पोलादनगरीत, कारखान्यातील निष्णात अभियंत्यांपुढे उभे राहून वजन आणि अंतर यांचा गुणाकार समजावून सांगावा, हे धाडसच म्हणायचे. माझे भांडवल एवढेच, की महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात मी ही विमाने बांधली आणि उडविली. त्या विभागात विमान-प्रतिकृतींचे शिक्षण अभ्यासक्रमाचा भाग असते आणि तेथे शास्त्रशाखेचा व कलाशाखेचा विद्यार्थी एकाच मातीत गुडघे टेकतो. पुढे बदल्यांमागून बदल्या झाल्या, सामान वाढले आणि कमी झाले, परंतु एका जुन्या पत्र्याच्या पेटीतले अडीच घन सेंटिमीटरचे छोटे डिझेल इंजिन मात्र प्रत्येक गावी माझ्याबरोबर आले.

प्रस्तुत प्रकरणाची सुरुवात अशी झाली. कोलकात्यातील एका दुकानदाराने धंदा आवरता घेतला, आणि पडून राहिलेले प्रतिकृतींचे संच मिळेल त्या किमतीला काढले. छापील किंमत २,४०० रुपये. आपल्याला प्रत्येकी ९०० रुपयांना चार मिळाले. गणेशोत्सवाच्या शिल्लक रकमेतून कार्यकारिणीने हा खर्च मंजूर केला, तेव्हा आपल्या खजिनदारांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता : "एवढे स्वस्त, म्हणजे खोट कुठे आहे?" आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे थोडे लांबलेले उत्तर आहे.

बालविभागाच्या चालकांची निकड मात्र वेगळी होती. आठवी-नववीत गेलेली आपली मुले मंडळात येईनाशी होतात, हे येथे बसलेल्या प्रत्येक आईबापांना ठाऊक आहे. आरतीला येतात, मोदक खातात आणि निघून जातात. त्यांना येथे करण्यासारखे काही नसते. चार संच, एक इंजिन आणि नऊ मुले एवढ्या सामग्रीवर आम्ही हा उद्योग आरंभिला. विमान पहिल्याच फेरीत मातीत गेले असते, तर पुढच्या रविवारी नवांपैकी कितीजण आले असते याचा अंदाज मला होता. म्हणून ते उडणे आवश्यक होते, आणि पहिल्याच वेळी.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हे विमान रेडिओने चालत नाही. मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात एक मूठ असते. मुठीपासून दोन बारीक पोलादी तारा निघून विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकातून आत शिरतात. आत एक त्रिकोणी तरफ असते, तिला बेलक्रँक म्हणतात. मनगट वर झुकवले की एक तार ओढली जाते, दुसरी सैल होते, तरफ फिरते आणि एका काडीमार्फत शेपटीच्या आडव्या पंखाची मागची हलती पट्टी, म्हणजे एलिव्हेटर, वर उचलला जातो. विमान चढते. मनगट खाली केले की ते उतरते. डावे-उजवे वळवण्याचा प्रश्नच नाही, कारण ते तुमच्याभोवती वर्तुळातच फिरणार. आपल्याकडच्या राखणदाराने शेतात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की या गोफणीतला दगड स्वतःच्या बळावर पळत असतो.

ही पद्धत लोकप्रिय केली ती अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या पोर्टलंड शहरातील जिम वॉकर यांनी. त्यांचे 'फायरबॉल' हे विमान १९४० च्या सुमारास बाजारात आले आणि त्यांनी या नियंत्रणाचे पेटंटही घेतले. पुढे १९५५ मध्ये ते पेटंट न्यायालयात टिकले नाही, कारण त्याच राज्यातील ओबा सेंट क्लेअर यांनी अशी तरफ त्याआधीच वापरली होती असे सिद्ध झाले. आपल्या देशात कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरची 'ऑरोरा' इंजिने एके काळी छात्रसेनेच्या मुलांच्या हातांत असत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आजही वेग, कसरती, सांघिक शर्यत आणि झुंज असे चार विभाग आहेत. त्यांतल्या सांघिक शर्यतीच्या तारेची लांबी मला फार आवडते : १५.९२ मीटर. हा विचित्र आकडा का, असे मुलांना विचारले, तेव्हा सातवीतल्या एका मुलाने वहीत परिघाचे गणित मांडून सांगितले, की एक फेरी बरोबर शंभर मीटरची होते. दहा फेऱ्यांचा एक किलोमीटर. आम्हीही तीच लांबी धरली.

आता संचाकडे वळू. पेटी उघडल्यावर आत काय निघाले? पंखाच्या फासळ्या ठशाने कापलेल्या, परंतु ठसा बोथट झाल्यामुळे कापण्यापेक्षा चिरडलेल्याच अधिक. गोंदाची नळी वाळून दगड झालेली. चिकटचित्रे पिवळी पडलेली. ही सारी किरकोळ दुखणी. फासळ्यांच्या कडा पॉलिशकागदाने नीट करता येतात, गोंद कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि चिकटचित्रांवाचून विमानाचे काही अडत नाही. खरी खोट आराखड्याचा कागद आणि पेटीतले लाकूड समोरासमोर ठेवले तेव्हा दिसली. आराखड्यात शेपटीसाठी पाच मिलिमीटर जाडीचा नरम बाल्सा सांगितलेला. पेटीत सहा मिलिमीटरचा आणि नखाने दाबला तर खूणही उमटणार नाही असा कठीण. उभे सुकाणू बाल्साचे हवे, तेथे प्लायवूड. कारखान्यात त्या दिवशी हाताशी जी फळी होती ती ठशाखाली सरकवलेली दिसते.

बाल्सा हे एकच लाकूड आहे, परंतु त्याचे वजन एकच नसते, ही गोष्ट नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. एकाच आकाराच्या दोन फळ्यांत एकीचे वजन दुसरीच्या दुप्पट, क्वचित तिप्पटही भरते. म्हणून पेटी उघडल्यावर पहिले हत्यार घ्यायचे ते सुरी नव्हे, स्वयंपाकघरातला वजनकाटा. आम्ही प्रत्येक तुकडा तोलून त्यावर पेन्सिलीने वजन लिहिले. सगळी शेपटी, एलिव्हेटर धरून, ६९ ग्रॅम; सुकाणू १४ ग्रॅम. मग काहीही कायमचे न चिकटवता, टाचण्या आणि चिकटपट्टी यांच्या साह्याने, इंजिन आणि रिकामी टाकी जागेवर बसवून आम्ही विमानाची तात्पुरती जुळणी केली. एकूण वजन ६४० ग्रॅम.

येथे 'रिकामी टाकी' हे शब्द मी मुद्दाम उच्चारले. टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे असते. उड्डाणाच्या आरंभी ती भरलेली असल्याने नाक जड असते, आणि इंधन जळत जाते तसतसा तोल मागे सरकतो. भरलेल्या टाकीने तोललेले विमान नेमके शेवटच्या फेऱ्यांत, उतरण्याच्या वेळी, बेभरवशाचे होते. तोल नेहमी वाईट स्थितीत पाहावा.

पंख घडाशी जेथे मिळतो त्याच्या जवळ, दोन्ही बाजूंना खालून पेन्सिलींची खोडरबर लावलेली टोके टेकवून विमान आडवे कोठे राहते ते पाहिले. पंखाच्या पुढच्या कडेपासून ६८ मिलिमीटरवर. पंखाची रुंदी २०० मिलिमीटर, म्हणजे गुरुत्वमध्य रुंदीच्या एकतृतीयांशाहूनही मागे. सरावाच्या विमानाला तो पाचव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे ४० मिलिमीटरवर हवा. ३५ पासून ५० पर्यंत मी चालवून घेईन, त्यामागे नाही.

अठ्ठावीस मिलिमीटरांनी एवढे काय बिघडते, असा प्रश्न मुलांनी विचारला. त्यांना मी बाण दाखवला. बाणाचे टोक जड असते आणि पिसे मागे असतात; म्हणून वाऱ्याच्या झोताने तो वाकडा झाला तरी पिसे त्याला पुन्हा सरळ करतात. तोच बाण उलटा फेकून पाहा. शेपूट जड झालेल्या विमानाचे नाक एकदा वर गेले की ते आपण होऊन खाली येत नाही, आणखी वर जाते. चालवणारा घाबरून मनगट खाली करतो, तेव्हा ते हवे त्याच्या दुपटीने खाली येते. दोरीवरच्या विमानाची उंची असते डोक्याइतकी, आणि त्याचा वेग असतो ताशी सत्तर किलोमीटर. विचार करायला वेळ नसतो. नवशिक्याची बहुतेक विमाने अर्ध्या फेरीतच का मोडतात, याचे उत्तर बव्हंशी या काही मिलिमीटरांत असते. आणि दोष मात्र बिचाऱ्या मुलाच्या हाताला दिला जातो.

यावर उपाय काय? आपल्यातील एका ज्येष्ठ अभियंत्यांनी तत्काळ सुचवले, "नाकात शिसे घाला आणि मोकळे व्हा." जगभर बहुसंख्य लोक हेच करतात, म्हणून या सूचनेचा हिशेब मुलांकडून फळ्यावर मांडून घेतला. ६४० ग्रॅम वजन २८ मिलिमीटर पुढे आणायचे, म्हणजे गुणाकार १७,९२०. शिसे ठेवण्याची जागा नाकाच्या टोकाशी, हव्या त्या गुरुत्वमध्यापासून १८० मिलिमीटर पुढे. भागाकार केला, उत्तर आले शंभर ग्रॅम, त्यातला अर्धा ग्रॅम इकडेतिकडे. म्हणजे ६४० ग्रॅमच्या विमानाला शंभर ग्रॅम शिशाचा आहेर करायचा, आणि त्या लहानशा इंजिनाने तो जन्मभर वाहायचा.

मग दुसरा हिशेब मांडला. शेपूट त्याच बिंदूपासून ३८० मिलिमीटर मागे आहे. नाकापेक्षा दुपटीहून अधिक दूर. म्हणजे शेपटीतला प्रत्येक जादा ग्रॅम नाकापाशी दोन ग्रॅमांहून अधिक शिसे मागतो. उलट पाहिले तर शेपटीतून काढलेला प्रत्येक ग्रॅम तेवढेच शिसे वाचवतो, आणि स्वतःही जातो. आराखड्याप्रमाणे पाच मिलिमीटर नरम बाल्साची शेपटी नव्याने कापली. ती भरली २९ ग्रॅम. चाळीस ग्रॅम गेले. गुणिले ३८०, म्हणजे १५,२००. सुकाणू प्लायवूडऐवजी बाल्साचे केले, १४ चे ५ झाले. नऊ ग्रॅम गुणिले ४१०, म्हणजे ३,६९०. बेरीज १८,८९०. हवे होते १७,९२०! एक कणही शिसे न घालता तोल बरोबर जागी, किंबहुना दीड मिलिमीटर पुढेच आला. आणि विमान ५९१ ग्रॅमचे झाले. शिशाच्या मार्गाने ते ७४० झाले असते. सातवीतल्या त्या मुलाने बेरीज पूर्ण केली तेव्हा अभियंतेसाहेबांनी खिशातून चष्मा काढून फळा पुन्हा वाचला, आणि मग, त्यांच्या मोठेपणाला शोभेल असे, नरम बाल्साच्या दोन फळ्यांचे पैसे स्वतः दिले.

दीडशे ग्रॅम म्हणजे फारसे नाही असे वाटेल. परंतु रंगरोगण झाल्यावर एक विमान ६३० ग्रॅमचे आणि दुसरे ७८० ग्रॅमचे असेल, तर जड विमानाला हवेत टिकण्यासाठी सुमारे अकरा टक्के अधिक वेग लागतो. उतरतानाही तो वेग असतोच, आणि जमिनीवर आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. नवशिक्याचे विमान आदळणारच. ते हलके असले तर उचलून पुन्हा उडवता येते.

सरकारी कचेरीत मी पाहत आलो आहे, की एका परिपत्रकाने गोंधळ झाला की तो निस्तरण्यासाठी दुसरे काढतात. मूळचे मागे घेत नाहीत. असो.

कठीण लाकूड आम्ही टाकले मात्र नाही. शेपटीची ती जड फळी नाकाच्या बाजूला, इंजिनाच्या दांड्यांलगत दोन्ही अंगांनी चिकटवण्यासाठी उत्तम ठरली. तेथे बळकटी हवीच असते, कारण एकसिलिंडर डिझेलचा कंप मऊ लाकूड महिन्याभरात खिळखिळे करतो.

पंखाला किंचित पीळ होता. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून, उलट्या दिशेने हलकेच पिळून, थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवला. दोनदा केल्यावर गेला.

आता शीर्षकातल्या पासंगाकडे येतो. येथल्या मुलांना हा शब्द माहीत नव्हता. तराजूची पारडी समान नसली की हलक्या पारड्याच्या बाजूला जो दगड बांधतात तो पासंग, असे मी सांगितले, तेव्हा आजी-आजोबांच्या तोंडी ऐकल्याचे दोघांना आठवले. दोरीवरच्या विमानाला पासंग का लागतो? कारण डाव्या, म्हणजे आतल्या पंखाला तारांचे ओझे असते. आमच्या दोन्ही तारा मिळून बावीस ग्रॅम. त्यांचे अर्धे ओझे माणसाचा हात पेलतो, अर्धे विमानाचा पंख. तेव्हा उजव्या, बाहेरच्या टोकाशी सुमारे अकरा ग्रॅम, आणि पंखातल्या तारांचे व टोकांच्या आकड्यांचे आणखी चार धरून पंधरा ग्रॅमांच्या आसपास वजन हवे. ते कायमचे न चिकटवता टोकात झाकण असलेली एक छोटी कुपी केली, कारण हा आकडा शेवटी हवेतच ठरतो. पासंग कमी पडला तर डोक्यावरून जाताना विमान आत झुकते, तारा सैल पडतात, आणि सैल तारेच्या विमानावर कोणाचीही सत्ता चालत नाही. जास्त झाला तर बाहेरचा पंख लोंबतो. पासंगासाठी आम्ही वापरली ती २०११ मध्ये चलनातून गेलेली पंचवीस पैशांची पोलादी नाणी. प्रत्येक तीन ग्रॅमला थोडेसे कमी भरते. कोणाच्या तरी घरच्या गुल्लकात ती मूठभर निघाली. पाच पावल्यांनी काम भागले. टांकसाळीने त्यांचा याहून चांगला उपयोग केला असेल असे मला वाटत नाही.

तारा पंखातून जेथे बाहेर पडतात ती छिद्रे या संचात भलतीच मागे होती. पुष्कळांचा समज असा, की विमानाचे नाक आत वळेल की बाहेर हे बेलक्रँकच्या जागेवरून ठरते. ते तसे नाही. ताण विमानाला लागतो तो पंखाच्या टोकातील छिद्रांपाशी, आणि ती छिद्रे गुरुत्वमध्याच्या पुढे आहेत की मागे यावर नाकाची दिशा ठरते. पुढे असली तर नाक आत येते आणि तारा ढिल्या पडतात. हे सर्वांत वाईट. फार मागे असली तर विमान तिरके, वेग गमावत पळते. धावत्या तारांना हवेचा अडसर होऊन त्या कमानीसारख्या मागे झुकतात, म्हणून छिद्रांचा मध्य गुरुत्वमध्याच्या किंचित मागे ठेवावा. रंग झाल्यावर आमचा गुरुत्वमध्य ४२ मिलिमीटरवर आला, कारण आवरणाचे आणि रंगाचे वजन मुख्यतः पंखाच्या मध्यावर पडते. छिद्रांचा मध्य आम्ही ५७ वर घेतला. गुरुत्वमध्य हलवला आणि छिद्रे जुन्या जागीच ठेवली, तर अर्धेच काम झाले असे समजावे.

बेलक्रँक संचात पन्नास मिलिमीटरचा होता, त्याच्या जागी पंचाहत्तरचा घातला. तरफ मोठी झाली की मनगटाच्या त्याच हालचालीने ती कमी फिरते आणि विमान शांत होते. एलिव्हेटरच्या शिंगाला तीन भोके होती. काडी सर्वांत बाहेरच्या भोकात अडकवली, म्हणजे हालचाल आणखी कमी. वर-खाली पंधरा अंश नवशिक्याला पुरेत. इंजिन एक-दोन अंश बाहेर वळवले. याविषयी अधिक बोलत नाही. बाहेर मांडलेल्या विमानात सारे दिसेल.

परंतु ताणाच्या परीक्षेविषयी बोललेच पाहिजे. ६३० ग्रॅमचे विमान पाच सेकंदांत एक फेरी घेत असेल, तर ते हाताला दीड किलोपेक्षा थोड्या अधिक जोराने ओढते. हे नेहमीचे झाले. झटका, वारा, उलटीसुलटी वळणे यांत तो जोर पुष्कळ वाढतो. म्हणून दर रविवारी पहिल्या उड्डाणाआधी विमान एकाने धरायचे, दुसऱ्याने मुठीला ताणकाटा अडकवून विमानाच्या वजनाच्या दसपट, म्हणजे सहा किलो तीनशे ग्रॅमपर्यंत ओढायचे. तार, आकडे, बेलक्रँकची खीळ, मूठ, सगळ्यांची परीक्षा एकदम होते. संचातली बेलक्रँकची बैठक नुसत्या मऊ लाकडाची होती. ती तीन मिलिमीटरच्या प्लायवूडची करून दोन फासळ्यांत खोबणीने बसवली. तार तुटून सुटलेले विमान कोणाकडे जाईल हे सांगता येत नाही.

आणि आईबापांनी विचारलेली, विचारायलाच हवी होती अशी गोष्ट. या तारा पोलादाच्या आहेत, आणि चालवणाऱ्याच्या हातात त्यांचे टोक असते. डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारेला त्यांचा स्पर्श झाला तर विमानाचे काय झाले हे पाहायला चालवणारा उरणार नाही. जगात या छंदाने जे जीव घेतले आहेत, त्यांतले काही असेच गेले. आपल्या वसाहतीलगतचे सोयीचे मैदान आम्ही याच कारणाने नाकारले. त्याच्या कडेने खांब आहेत. मुलांना जास्त चालावे लागते, हे मान्य. विजेच्या कोणत्याही तारेपासून शंभर मीटरच्या आत विमान बाहेर काढायचे नाही, आणि आकाशात गडगडाट ऐकू आला की मूठ खाली ठेवायची, हे दोन नियम कार्यकारिणीच्या ठरावाने केले आहेत. इंधनात ईथर असते. तो डबा फक्त मोठ्यांच्या हाती राहतो.

हिवाळ्यातल्या एका सकाळी, वारा पडलेला असताना, पहिले उड्डाण झाले. मूठ माझ्या हाती होती, आणि फेऱ्या मोजायला नऊ मुले, चार आया आणि खजिनदार. वाऱ्याच्या दिशेने सोडले, म्हणजे चढताना वारा विमानाला आत ढकलत नाही. पंधरा-वीस मीटर धावून ते उचलले गेले आणि छातीच्या उंचीवर असे स्थिर राहिले, की काही काळ मनगट हलवावेच लागले नाही. एक फेरी ५.१ सेकंदांची. तीन मिनिटे चाळीस सेकंदांनी इंधन संपले, तोवर त्रेचाळीस फेऱ्या झाल्या होत्या. म्हणजे आपले विमान जागच्या जागी सव्वाचार किलोमीटर गेले. इंजिन बंद पडल्यावरही नाक न टाकता, तारा ताणलेल्या ठेवून, ते घसरत येऊन चाकांवर उतरले. खजिनदारांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण नऊशे रुपयांचा उल्लेखही पुन्हा केला नाही.

दुसऱ्या रविवारी मुलांची पाळी सुरू झाली. मी मागे उभा राहून त्यांच्या मुठीवर हात ठेवतो, आणि पाचसहा फेऱ्यांनी तो काढून घेतो. नजर विमानावरच ठेवायची. मागची झाडे पाहिली की चक्कर येते. नववीतल्या एका मुलीने माझा हात निघाल्याचे लक्षात न येता अकरा फेऱ्या मारल्या. उतरताना नाक आधी टेकले आणि लाकडी पंखा मोडला. शेपटी शाबूत, पंख शाबूत. नवा पंखा लावून दहा मिनिटांत विमान पुन्हा वर होते. तिची आई मला म्हणाली, "भाऊ, ही घरी जेवताना 'गुरुत्वमध्य' हा शब्द वापरते आहे. वरणाच्या वाटीबद्दल!"

गेल्या महिन्यात आम्ही हेच विमान पुन्हा तोलले. आश्चर्य म्हणजे ते ६३९ ग्रॅम भरले आणि गुरुत्वमध्य ४५ वर गेला होता. इंजिनातून उडणारे एरंडेल मागे वाहत जाऊन शेपटीच्या सांध्यांत मुरले होते. सांधे पुसून, वाळवून, त्यांवर इंधनरोधक लाखेचा आणखी एक हात दिला. दर दोन महिन्यांनी हे करावे लागेल.

उरलेले तीन संच कपाटात आहेत. मुलांनी त्यांतला प्रत्येक तुकडा तोलून पेट्यांच्या झाकणांवर वजने लिहून ठेवली आहेत. दुसऱ्या संचाची शेपटी ७४ ग्रॅम आहे, तिसऱ्याची नवल म्हणजे ३३. ती बदलू नये. चौथ्यात सुकाणूच नाही. येत्या रविवारपासून संध्याकाळी चार वाजता याच सभागृहात काम सुरू होईल. येताना घरचा वजनकाटा आणि पंचवीस पैशांची जुनी नाणी असतील तर आणावीत. इंजिन एकच आहे, म्हणून उडवण्याची पाळी लावावी लागेल, आणि ती यादी मुलांनीच करावयाची आहे.